दसऱ्याची गाडी, आषाढातला घाट

हा अंक हातात पडेल तेव्हा महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या कितीतरी अंगणांत नवी गाडी उभी असेल. दसरा, धनत्रयोदशी आणि पाडवा हे आपल्याकडचे गाडी घ्यायचे मुहूर्त. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू असे सगळे यथासांग होते. त्यानंतरचे सात-आठ महिने गाडीला सुखाचे जातात, कारण रस्ते कोरडे असतात, उजेड लख्ख असतो आणि लग्नसराईच्या फेऱ्या बहुतेक दिवसाउजेडी होतात. पण चालवणाऱ्याचा हात बसतो तोही याच महिन्यांत, आणि तेव्हा बसलेल्या सवयी जूनमध्ये दगा देऊ शकतात. शोरूममधून मिळालेल्या पुस्तिकेत सर्व्हिसचा हिशेब किलोमीटर आणि महिन्यांत मांडलेला असतो. महाडच्या गाडीचे आयुष्य मात्र पाऊस आणि उतार या दोन गोष्टी ठरवतात. म्हणून या भागातल्या कुटुंबाने गाडीची वार्षिक निगा खरेदीच्या तारखेपासून सोडवून मे महिन्याला बांधावी, आणि पहिल्या आषाढाच्या आत घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने घाट उतरायला नीट शिकावे, असे माझे म्हणणे आहे. ही हौशी माणसाची टापटीप नव्हे. इथल्या भूगोलातच त्याची कारणे आहेत.

आधी सर्व्हिसचे पाहू. बहुतेक कंपन्यांची पहिली मोफत सर्व्हिस महिनाभरात, दुसरी सहा महिन्यांच्या आसपास आणि तिसरी वर्षाने येते. तारखा कंपनीगणिक थोड्या मागेपुढे होतात. दसऱ्याला घेतलेल्या गाडीची तिसरी सर्व्हिस पुन्हा दसऱ्याला पडते, आणि मोफत सर्व्हिस संपल्यावर तोच महिना वर्षानुवर्षे चालत राहतो. म्हणजे रायगड जिल्ह्यातला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस अंगावर घेऊन झाला, चिखल ब्रेकमध्ये शिरून वाळला, वायपरचे रबर फाटून गेले, की मग गाडी तपासणीला जाते. जूनमध्ये पावसाला सामोरी जाते ती आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी पाहिलेली गाडी. कोरड्या मुलुखात याने फारसे बिघडत नाही, आपल्याकडे बिघडते. यावर वॉरंटीचा आक्षेप निघतो की तारीख चुकवली तर कंपनी हात वर करील. पण तारीख चुकवायला कोणी सांगतच नाही. ठरलेली सर्व्हिस वेळेवर होऊ द्यावी आणि मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पैसे देऊन एक जादा तपासणी करून घ्यावी. पुढे वॉरंटीच्या अटी वाचून, जमेल तशी वार्षिक सर्व्हिसच अलीकडे ओढावी. सर्व्हिस लवकर केल्याने अडचण होत नाही, उशिरा केल्याने होते.

मेमध्ये काय पाहायचे, याचे उत्तर महाबळेश्वर आणि पोलादपूर यांच्यामधल्या आंबेनळी घाटात आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, जवळजवळ पायथ्याशी. दोन्हींतले अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी बाराशे मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती हिशेबाने जवळपास पाच युनिट विजेइतकी भरते. हजार वॉटची इस्त्री पाच तास चालू ठेवावी, एवढी ही उष्णता. तिचा बराच वाटा टायर आणि वारा घेतात. उरलेला इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालवणारा गिअर कोणता ठेवतो यावर ठरते. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला इंजिनच धरून ठेवते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीत बहुतेक सगळा भार पुढच्या दोन तबकड्यांवर आणि त्यांना चिकटणाऱ्या पॅडवर येतो. दोन-तीन वळणांत चाकांतून जळका वास येऊ लागतो. पुढे पॅड इतके तापतात की त्यांची पकडच सुटते. पाय तेवढ्याच जोराने दाबलेला असतो, गाडी मात्र थांबत नाही.

यापेक्षा गंभीर प्रकार ब्रेक ऑइलचा. बॉनेट उघडले की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत एक छोटी पांढरट डबी दिसते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. पातळी या दोन रेघांच्या मध्ये आहे एवढे पाहून लोक समाधान मानतात. पण या द्रवाचा स्वभावच हवेतला ओलावा शोषून घेण्याचा आहे, आणि कोकणच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. बहुतेक गाड्यांत लागणारे डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १५५ अंशांवर उतरली तरी ते ऑइल मानकात बसते. लांब उतारावर तापलेल्या चाकाजवळ एवढी उष्णता सहज येते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो, आणि वाफ दाबली जाते. पेडल आधी मऊ लागते, मग थेट तळाला जाते. पातळी अगदी बरोबर असताना हे घडू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, गाडी फक्त पाच हजार किलोमीटर चाललेली असली तरी. ‘आमची गाडी तर उभीच असते’ हा आक्षेप इंजिन ऑइलच्या बाबतीत अर्धामुर्धा चालेल, इथे चालणार नाही. ओलावा शोषायला गाडी चालावी लागत नाही.

न्यूट्रलची सवय कुठून आली तेही समजून घ्यायला हवे, कारण ती मूर्खपणातून आलेली नाही. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उतारावर न्यूट्रल टाकले तर चार थेंब पेट्रोल वाचायचे, आणि ते शहाणपण वडिलांकडून मुलाकडे आले. आता इंजेक्शनच्या गाड्या आहेत. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन जवळजवळ बंद करतो आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळावेच लागते. म्हणजे आजच्या गाडीत न्यूट्रलवर उतरणे महाग पडते, आणि धोका वेगळाच. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याचा धोका तर दुप्पट होतो. ब्रेकला बळ देणारी पोकळी दोन-चार वेळा पेडल मारताच संपते, मग तोच ब्रेक दगडासारखा लागतो. स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली गेली तर लॉकही होऊ शकते. ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्यांना वाटते की गिअरची कटकट गाडीच पाहील. ती चढावर पाहते. उतारावर ‘डी’मध्ये ठेवलेली पुष्कळ मॉडेले वरचा गिअर टाकून मोकळी होतात, तेव्हा ‘एल’ किंवा हाताने गिअर धरायची सोय वापरावी लागते. इलेक्ट्रिक गाडी उतरताना बॅटरी भरून घेते आणि ब्रेकचा भार उचलते, हा मोठा फायदा आहे. पण महाबळेश्वरला रात्रभर लावून ती शंभर टक्के भरून घेतली, तर वरून निघताना त्या विजेला जागाच उरत नाही आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, की नव्या गाड्या आता इतक्या सुरक्षित झाल्या आहेत की ही काळजी जुन्या जमान्याची वाटते. त्यात तथ्य आहे. २०१९ पासून मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, २०२१ पासून पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग आल्या, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणीही सुरू झाली. हे मोठे काम आहे आणि त्याने जीव वाचतात. पण एबीएस चाक फिरते ठेवते, त्याला पकड देत नाही. पकड देते ती टायरची नक्षी. कायद्याने ती किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, आणि टायरच्या खोबणीत तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे खुणेसाठी ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या खुणेला टेकली की टायर संपला. पाणी बाहेर फेकायचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधीच मंदावते. म्हणून आपल्या पावसात ‘अजून गोटा झालेला नाही’ या भरवशावर थांबू नये. नक्षी तीन मिलिमीटरवर आली की मेमध्येच टायर बदलावा. हवेचा आकडा पंक्चरवाल्याला विचारायचा नसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो छापलेला असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. गणपतीला पाच माणसे आणि डिकी भरून निघताना तो दुसरा आकडा लागू होतो.

एअरबॅगबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण इथे कुटुंबाचा प्रेमळपणाच आड येतो. पुढच्या आसनावर, आईच्या किंवा आजोबांच्या मांडीवर लहान मूल, हे आपल्या रस्त्यांवरचे रोजचे चित्र. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या मुलाची पुढची ओढ साधारण एकशे चाळीस किलोची होते. जगातली कोणतीही आई ती हाताने धरू शकत नाही. शिवाय मांडीवरचे मूल आणि फुगत येणारी एअरबॅग यांच्यात अंतरच नसते. एअरबॅग बेल्ट लावलेल्या प्रौढ माणसासाठी घडवलेली आहे. मुलाची जागा मागे, त्याच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्ये. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ब मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लावायला सांगते आणि मोडल्यास हजार रुपये दंड करते. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावावा हाही नियम जुनाच आहे, पण ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा कुठे त्याची चर्चा घरोघर झाली. ती गाडी महागडी आणि सुसज्ज होती. मागच्या आसनावरच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि त्यामागचा संताप रास्त आहे. रस्ते कोणी बिघडवले? मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत आले, खड्डे आणि वळणमार्ग यांत किती जीव गेले, आणि आता गाडीवाल्यानेच ब्रेक ऑइल बदलायचे का? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह त्यावरची वाहने नदीत गेली, तेव्हा कोणत्याही चालकाच्या कौशल्याचा प्रश्नच नव्हता. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे मनात आणले तर सरकारला जमते हेही दिसले. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकतीस जणांपैकी एकच वाचला. त्या घाटाला भक्कम कठडे हवेत, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. सरकारवरची जबाबदारी तसूभरही कमी न करता मी म्हणतो की आपल्या हातातला वाटा आपण सोडू नये. पूल, कठडे आणि दरडींवरच्या जाळ्या यांची वाट पाहताना प्रत्येक जुलै येणारच आहे, आणि त्या जुलैत आपले माणूस कोणत्या टायरवर बसून येणार हे आपण ठरवू शकतो. हे दोन वाटे एकमेकांच्या बदल्यात द्यायचे नाहीत.

कशेडीचा बोगदा झाला, आता घाटाचे भय संपले, असेही ऐकू येते. २०२३ च्या गणेशोत्सवात त्यातली एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली आणि खेडकडे जाणाऱ्यांचा खरोखर मोठा त्रास वाचला. पण बोगदा फक्त दक्षिणेची वाट सोपी करतो. महाबळेश्वरला आंबेनळी आणि भोरला वरंधा हे घाट होते तसेच आहेत. वरंधा तर पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. बंदचा फलक लागलेला असताना ‘छोटी गाडी आहे, निघेल’ म्हणून अडथळा बाजूला सारून जाणारे पाहिले की वाटते, दरडीला गाडीची लांबी विचारायची सवय नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असे आकडे पडतात त्या दिवशी गाडीच्या सुरक्षिततेचे सगळ्यात मोठे साधन म्हणजे घरी टांगलेली किल्ली.

तो सगळा पाऊस सावित्रीतून पोलादपूरवरून महाडकडे येतो, गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी त्याला मिळते, आणि बाणकोटच्या खाडीत भरती असेल तर खाली जायला वाट राहत नाही. म्हणून महाडचे पाणी वेगाने चढते आणि सावकाश उतरते. अशा पाण्यात गाडी घालावी की नाही याचा हिशेब सोपा आहे. हजार किलोची गाडी हजार लिटर पाणी बाजूला सारताच तरंगू लागते. गाडीचा तळ पाच चौरस मीटर धरला, तर तळापासून वीस सेंटिमीटर पाणी पुरते. खाली रस्त्यापासूनची मोकळी उंची सतरा-अठरा सेंटिमीटर. म्हणजे गुडघ्याच्या खालच्या पाण्यातच छोटी गाडी जमीन सोडू लागते, आणि पाणी वाहते असेल तर ब्रेक, स्टिअरिंग कशालाच अर्थ राहत नाही. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये, आणि ढकलस्टार्टही करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि गाडी चाके न फिरवता, क्रेनवर चढवून न्यावी. टोचन करून ओढत नेणेही टाळावे.

विम्यातही एक फसगत आहे आणि ती नव्या गाडीवाल्यांचीच होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. कागदावर ‘तीन वर्षे’ वाचून माणूस निर्धास्त होतो, दुसऱ्या दसऱ्याला नूतनीकरण राहते, आणि पुढच्या पुरात बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही, कारण थर्ड पार्टी विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. आणि पूर्ण विमा असूनही, पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करायच्या प्रयत्नात फुटले तर कंपनी ते नाकारू शकते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नदीकाठच्या महाडमध्ये ही जोड चैन नाही.

बाकीची निगा किरकोळ आहे, पण पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला तीच लागते. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पाने साचतात, पाण्याची वाट बुजते आणि ते आत उतरते. दर आठवड्याला हाताने काढावीत. शेतातून, लाकूडफाट्यातून येणारे उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेट अधूनमधून उघडे करावे. ओल्या दिवसांत हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवली तर मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावणे बरे. काचेवर वाफ धरली की फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसी लावावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत चालणे ही अलीकडची नवी चाल फार घातक आहे. मागच्याला गाडी उभी आहे की चालू, आणि वळणार कुठे, हेच कळत नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प पुरे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, अरुंद जागी उतरणाऱ्याने थांबायचे, हा घाटाचा नियम २०१७ च्या चालन विनियमांतही आहे.

राहिला शिकण्याचा भाग. या घरांत गाडीचा मालक एक आणि चालवणारे तीन असतात. वडील बाजारापुरती चालवतात, मुलगी कॉलेजला नेते, आणि मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी पुतण्या सगळ्यांना घेऊन महाबळेश्वर दाखवायला निघतो. त्यातल्या कोणाला उतारावर गिअर धरायला शिकवले? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १५ मध्ये, परवान्याच्या चाचणीत उमेदवाराने काय करून दाखवायचे याची यादी आहे. उतारावर झटपट खालचा गिअर टाकणे आणि तीव्र चढावर गाडी मागे न घसरता पुन्हा उचलणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून त्या कळत नाहीत. उलट महाडच्या ड्रायव्हिंग स्कूलला पोलादपूर अर्ध्या तासावर आहे आणि तिथून आंबेनळीची चढण सुरूच होते. शिकवणीतला एक दिवस सकाळच्या कोरड्या उजेडात घाटातल्या वाडा गावापर्यंत चढून तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला दिला, तर लागणारे पेट्रोल काही फार नाही. फी भरताना पालकांनी तो दिवस मागून घ्यावा. परवाना आधीच असलेल्यांनी दिवाळीच्या सुट्टीत, रस्ता कोरडा आहे तोवर, जाणत्या माणसाला शेजारी बसवून तो उतार दोनदा उतरावा.